सिल्कीचं पिल्लू: कोंबडा की तलंग? पैसे मोजण्याआधी हे वाचा



व्हिडिओमध्ये आपण सिल्की कोंबडीचं खुराडं, खाद्य आणि बाजार पाहिला. आज फक्त एका प्रश्नावर बोलू, कारण छोट्या व्यवसायाचं नफा-नुकसान त्याच्यावरच ठरतं. तुम्ही विकत घेताय ते पिल्लू नर आहे की मादी? आणि मोठेपणी त्याचा रंग कोणता होणार?

समजा तुम्ही उमापूरला राहता. घरामागं दोन पत्र्यांचं शेड आहे, चार गावरान कोंबड्या आहेत. मोबाईलवर कुणीतरी पांढऱ्या गोळ्यासारख्या सिल्कीचा फोटो टाकतो आणि म्हणतो, "एक दिवसाची पिल्लं, सगळ्या माद्या, गॅरंटी." इथं थांबायचं. एक दिवसाच्या शुद्ध सिल्की पिलाकडं नुसतं बघून नर-मादी सांगता येत नाही. ना तुम्हाला, ना विकणाऱ्याला.

मग मोठ्या हॅचरीवाले कसं सांगतात?

त्यांच्याकडं तीन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे पिलाचं गुदद्वार उघडून आतला बारीक उंचवटा पाहणं. ही पद्धत जपानी लोकांनी शोधली आणि 1930च्या दशकात ती जगभर पसरली. पण तिला मोठा सराव लागतो. घरी प्रयोग करायला गेलात तर पिल्लू दगावेल.

दुसरी वाट म्हणजे पंखाची पिसं मोजणं. काही खास संकरांत मादीच्या पंखाची मुख्य पिसं पहिल्याच दिवशी लांब दिसतात. पण आई-बाप तसे ठरवून जुळवलेले असतील तरच हे चालतं.

तिसरी वाट रंगाची. लाल कोंबडा आणि रुपेरी गुणाची कोंबडी यांच्या काही संकरांत नर पिल्लू पिवळट-पांढरं आणि मादी पिल्लू तांबूस निघतं. हेही संकरातच. शुद्ध सिल्कीत पांढरं म्हणजे मादी आणि काळं म्हणजे नर, असं काही नसतं.

आणि हो, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, किंवा दोऱ्याला सुई बांधून पिलावर धरायची, या गोष्टींवर व्यवहार करू नका. काहीही बोललं तरी निम्म्या वेळा बरोबर येणारच!

सिल्कीत नर-मादी कधी कळते?

धीर धरा. वयानुसार अशा खुणा दिसतात:

- दोन-तीन महिने: नराचा तुरा लवकर रुंद आणि जाड होऊ लागतो. मादीचा तुरा बारीक राहतो. हा फक्त अंदाज.
- तीन-चार महिने: डोक्यावरचा झुपका बघा. मादीचा झुपका गोल, लोकरीच्या गोंड्यासारखा. नराच्या झुपक्यातून लांब, बारीक पिसं मागं झुकलेली दिसतात. पाय जाड, छाती वर काढून चाल.
- पाच-सहा महिने: नर आरवतो. इथं बहुतेक शंका मिटतात.
- सातवा ते नववा महिना: मादी अंड्यावर येते. यापेक्षा पक्का पुरावा नाही.

एका खुणेवर निकाल देऊ नका. एकाच वयाची पिल्लं शेजारी ठेवून तुलना करा. पायात रंगीत रिंग घाला आणि दर पंधरा दिवसांनी वहीत नोंद ठेवा. फारच घाई असेल तर पोपटांसाठी पिसावरून जी डीएनए तपासणी करतात, ती कोंबडीलाही चालते. पण तो खर्च महागड्या जोडीलाच परवडेल.

आता रंगाचं बघू

पांढऱ्या सिल्कीचं पिल्लू पिवळसर निघतं. काळ्याच्या पिलाला पोटाशी आणि पंखाच्या टोकाला फिकट ठिपके असतात, ते पिसं बदलताना बहुतेक जातात. तित्तरी रंगाच्या पिलाच्या पाठीवर खारीसारखे पट्टे असतात. धुरकट राखाडी पिल्लू म्हणजे निळा रंग.

या निळ्याचं गणित विकणारे सांगत नाहीत. निळा नर आणि निळी मादी ठेवली की सगळी पिल्लं निळी होत नाहीत. सरासरी चारात एक काळं, दोन निळी आणि एक फिकट ठिपक्यांचं निघतं, त्याला स्प्लॅश म्हणतात. सगळी निळीच हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश अशी जोडी लावा.

शुद्धता तपासताना पाच बोटं मोजा, कारण इतर बहुतेक कोंबड्यांना चारच असतात. पण पाच बोटं गावरान संकरातही उतरतात. लोकरीसारखी पिसं मात्र पहिल्या संकरात दिसत नाहीत. म्हणून बोटं, काळी कातडी आणि पिसं, तिन्ही बघा. गुलाबी-हिरवी पिल्लं तर नुसती रंगवलेली असतात.

काळ्या कातडीची एक कामाची गोष्ट

1911 साली इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्कीचा कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मादी पिल्लं गडद कातडीची निघाली, नर फिकट कातडीचे. कारण असं, की कातडीचा काळेपणा दाबणारा गुण ज्या गुणसूत्रावर असतो, ते गुणसूत्र मुलीला फक्त बापाकडून मिळतं. सिल्की बापाकडं हा दाबणारा गुण नसतो. मुलाला तो लेगहॉर्न आईकडून मिळतो.

आपल्याकडच्या कडकनाथचा काळेपणाही त्याच जातीचा. म्हणजे सिल्की किंवा कडकनाथ कोंबडा आणि फिकट पायाची गावरान कोंबडी अशी जोडी लावली, तर गडद पिल्लं तलंगा असण्याची शक्यता मोठी. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडी काळी आणि कोंबडा गावरान, तर हा फायदा मिळत नाही. गावरानात मिश्रण भरपूर असतं, म्हणून पहिल्या खेपेला रिंगा घालून स्वतः पडताळा. आणि ही खूण पहिल्या पिढीपुरतीच, पुढं मोडते.

आता हिशोब

आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या भावाने बदलून घ्या. समजा 12 पिल्लं, प्रत्येकी 150 रुपये, म्हणजे 1,800. सहा महिन्यांचं खाद्य प्रत्येकी 300, म्हणजे 3,600. एकूण 5,400. दोन दगावली, दहा उरली. त्यात सरासरी पाच माद्या, पाच नर. पैदाशीला एक नर पुरे. उरलेले चार प्रत्येकी 300 ने विकले तर 1,200 परत आले. सिल्की अंगानं हलकी, त्यामुळं खाण्याच्या बाजारात वजनाचा भाव मिळत नाही. हातात राहिले सहा पक्षी, खर्च 4,200. म्हणजे 150 रुपयांचं पिल्लू तुम्हाला 700 ला पडलं!

म्हणून सहा महिन्यांची, आरवलेला नर आणि ओळखलेली मादी अशी जोडी 1,400 च्या आत मिळत असेल, तर ती महाग नाही. आणि पिल्लंच घ्यायची तर किमान सहा घ्या. दोन घेतली तर दोन्ही एकाच लिंगाची निघण्याची शक्यता निम्मी असते. सहा घेतली तर ती बत्तिसात एक उरते.

गेवराई तालुक्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी कॅलेंडरही बघावं. चैत्रात परत आल्यावर पिल्लं आणली, तर नर-मादी नक्की होते दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे नेमकं निघायच्या वेळी. मागं सांभाळणारं कुणी असेल तरच ही खेप घ्या.

तुम्ही विकणारे असाल तर

तीन भाव ठेवा. लहान पिल्लू "नर-मादी न ठरवलेलं" म्हणून स्वस्त. चार महिन्यांचं "बहुधा मादी" म्हणून मधला भाव. सहा महिन्यांचं पक्कं, चुकलं तर बदलून देण्याच्या बोलीवर, पूर्ण भाव. हे तिन्ही शब्द पावतीवर लिहा. सिल्की वारंवार खुडूक होते आणि दुसऱ्याची अंडीही माया लावून उबवते, म्हणून पक्क्या मादीला गिऱ्हाईक मिळतं.

2019 साली कडकनाथच्या करारात राज्यातल्या असंख्य शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पक्षी खोटा नव्हता, आश्वासन खोटं होतं. त्यामुळं लोक आता काळ्या कोंबडीचं नाव काढलं की दचकतात. अशा बाजारात "हे मला आज सांगता येत नाही, चार महिन्यांनी सांगतो" असं म्हणणाऱ्याकडंच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं.

आजचं काम सोपं आहे. वही घ्या, रिंगा आणा, आणि खुराड्यातल्या प्रत्येक पिलाला नंबर द्या. भेटू पुढच्या भागात, तोवर हिशोब चोख ठेवा!