रात्रीच्या कार्यक्रमात फोटो ब्लर येतो? आधी ओळखा, फोकस चुकलाय की काहीतरी हललंय

रात्रीच्या कार्यक्रमाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले की दोन मेसेज ठरलेले असतात. एक म्हणतो, "फोटू हालला न भाऊ!" दुसरा म्हणतो, "फोकसच नाही झाला." आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. पण या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आजच्या लेखात आपण हेच समजून घेऊ.

उदाहरण आमच्या भागातलंच घेतो. मी वरूडचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी अमरावती जिल्ह्यातल्या गावागावांत अजून वाजते. खंजिरी भजनाच्या स्पर्धा रात्री उशिरापर्यंत चालतात. आता फोटोच्या नजरेने हा कार्यक्रम बघा. मंडपाच्या खांबाला बांधलेले दोन एलईडी फोकस (आमच्याकडे फ्लड लाइटलाही फोकसच म्हणतात), मागे काळाकुट्ट अंधार, समोर पांढरे कपडे, भगव्या टोप्या आणि एक क्षणही स्थिर न राहणारा हात. फोनच्या कॅमेऱ्यासाठी यापेक्षा अवघड पेपर कोणता? हे जमलं की हळद, गरबा, गणपती विसर्जन सगळं जमतं.

आणि हे जमायला हवं. मंडळांमधले कितीतरी वादक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी कुणी गेलं की श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटोची शोधाशोध होते, आणि आयुष्यभर खंजिरी वाजवलेल्या माणसाचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावावा लागतो. असे फ्लेक्स मी पाहिलेत. घरात चार फोन असतात, कार्यक्रमाचे शेकडो फोटो असतात, पण वाजवतानाचा चेहरा एकातही ओळखू येत नाही.

ब्लर म्हणजे नेमकं काय झालंय?

बिघडलेला फोटो डिलीट करण्याआधी झूम करून बघा. त्यातच कारण सापडतं.

- सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय, दिव्यांच्या रेघा झाल्यात : तुमचा हात हलला.
- खांब, माइक, मागचा पडदा स्पष्ट, फक्त वादकाचा हात किंवा चेहरा पुसट : समोरचा माणूस हलला.
- पुढे बसलेल्याच्या डोक्याचे केस स्पष्ट, स्टेज मऊ : हा खरा फोकसचा घोळ.
- कडा ठीक आहेत, पण चेहरा मेणाचा वाटतो : प्रकाश कमी पडल्याने फोटोत दाणे आले आणि ते पुसताना फोनने बारकावेही पुसले.
- सगळीकडे दुधाळ पडदा, दिव्यांभोवती पसरलेला उजेड : लेन्सवर बोटांचं तेल आहे. सुती रुमालाने पुसा.

फोनची लेन्स खूप छोटी असते, त्यामुळे स्पष्ट दिसणारा पट्टा मोठा मिळतो. मधल्या किमतीच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने साडेतीन-चार मीटरवर नीट फोकस धरला, तर साधारण दोन मीटरपासून पार मागच्या पडद्यापर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट येतं. महागड्या फोनचा सेन्सर मोठा असेल, तर हा पट्टा आणखी लहान होतो. म्हणजे स्टेजपासून पाच-सहा मीटरवर उभं राहून काढलेला फोटो पुसट आला, तर बहुतेक वेळा दोष फोकसचा नसतो. काहीतरी हललेलं असतं.

अंधारात ऑटोफोकस का अडखळतो?

ऑटोफोकसला कडा लागतात. काळं आणि पांढरं जिथे भेटतं, ती जागा. कॉन्ट्रास्ट पद्धतीत फोन लेन्स मागे-पुढे सरकवतो आणि कड सर्वांत तीक्ष्ण कुठे दिसते ते शोधतो. फेज डिटेक्शनमध्ये लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली चित्रं जुळवून लेन्स किती सरकवायची ते थेट काढतो, म्हणून ते जलद असतं. २०१६ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस७ मध्ये हेच काम सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलकडून करून घेणारी ड्युअल पिक्सेल पद्धत आली. पद्धत कोणतीही असो, उजेड कमी झाला की कडा दाण्यांमध्ये हरवतात. मग स्क्रीनवर चित्र स्पष्ट-पुसट, स्पष्ट-पुसट होत राहतं. फोन चाचपडत असतो. काही फोनमध्ये लेझर फोकस असतो. त्याला उजेड लागत नाही, पण त्याची पोच थोड्याच मीटरची.

म्हणून फोनला कड दाखवा. काळ्या अंधारावर किंवा सपाट पांढऱ्या शर्टाच्या मध्यावर टॅप करू नका. टोपीची किनार, चष्म्याची फ्रेम, खंजिरीच्या चकत्या, यांच्यावर टॅप करा. अगदी जवळून काढत असाल तर माइक सांभाळा. तो चेहऱ्याच्या पुढे असतो आणि उजळ असतो, त्यामुळे फोन आधी त्यालाच पकडतो.

फोकस एकदा धरा आणि लॉक करा

वादक एका जागी बसलेला असतो. मग प्रत्येक फोटोला नव्याने फोकस शोधायची गरजच काय? मंडळ बसल्यावर, भजन सुरू व्हायच्या आधी, दिवे पूर्ण असताना वादकाच्या टोपीच्या किनारीवर बोट दाबून धरा. आयफोनवर एई/एएफ लॉक असं दिसतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. उजेड फारच कमी असेल तर मित्राला दोन सेकंद टॉर्च मारायला सांगा, अर्थात गाणं सुरू होण्याआधी. लॉक झाला की निवांत फोटो काढा. तुम्ही पुढे-मागे सरकलात, तर पुन्हा लॉक करा.

लॉक केल्यावर शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. मागचा अंधार बघून फोनला वाटतं की सगळंच काळं आहे. तो फोटो उजळवायला जातो आणि पांढरा शर्ट, चेहरा फाटतो. उजेड कमी केला की चेहरा शाबूत राहतो, आणि शटरही बऱ्याचदा जास्त जलद चालतं.

हलणाऱ्या हातासाठी शटर

आता थोडं गणित. समजा खंजिरीवर पडणारा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने चाललाय. शटर १/३० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात हात साडेसहा सेंटिमीटर सरकतो. फोटोत पंजा गायब! १/१२५ ला तो दीड सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. बोटं ओळखू येतात.

प्रो मोड असेल तर शटर १/१०० किंवा १/१२५ ठेवा आणि आयएसओ ८०० पासून वाढवत न्या. १/३० वरून १/१२५ वर गेलात की उजेड चौपट कमी होतो, म्हणजे ८०० चा आयएसओ ३२०० करावा लागतो. दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटोतला चेहरा ओळखू येतो, हललेल्या फोटोतला येत नाही.

एक खास गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. असं झालं तर शटर १/१०० वर आणा, पट्टे जातात.

प्रो मोड नसेल तरी बिघडत नाही. हात वर जाऊन परत फिरतो, तिथे तो क्षणभर थांबतो. ठेका ऐका आणि त्या क्षणाला बटण दाबा. सोबत बर्स्ट वापरा. काही फोनवर त्यासाठी बटण दाबून धरायचं असतं, काहींवर खाली किंवा बाजूला ओढायचं. वीस फोटोंतला एक तरी पक्का निघतो.

नाइट मोड, झूम आणि फ्लॅश

नाइट मोड एका फोटोसाठी सेकंद-दोन सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ उजेड गोळा करतो. सजवलेलं मंदिर, रोषणाई, शांत बसलेले श्रोते यांच्यासाठी तो उत्तम. खंजिरीसाठी बंद करा. बऱ्याच फोनवर तो आपोआप सुरू होतो, म्हणून स्क्रीनवरचं चंद्राचं चिन्ह बघत जा.

झूमऐवजी पाय वापरा. अंधारात २ एक्स किंवा ३ एक्स दाबलं, तरी फोन अनेकदा मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतो. खात्री करायची तर टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर झूमची लेन्स वापरातच नाही. अल्ट्रा-वाइडही टाळा. ती कमी उजेड आत घेते, आणि स्वस्त फोनमध्ये तिला ऑटोफोकसच नसतो.

फ्लॅशची पोच जेमतेम दोन-तीन मीटर. लांबून मारला तर फक्त पुढच्यांच्या पाठी उजळतात, जवळून मारला तर वादकाचे डोळे दिपतात.

राहिला आपला हात. मंडपाच्या खांबाला टेका, कोपरं छातीशी घ्या, व्हॉल्यूमच्या बटणाने फोटो काढा. ओआयएस असलेला फोन तुमच्या हाताची थरथर सावरतो, वादकाचा हात मात्र तो थांबवू शकत नाही.

घरीच सराव करा

संध्याकाळी खोलीत एकच बल्ब ठेवा आणि पंखा एकवर लावा. १/३०, १/६०, १/१२५ अशा शटरवर पात्यांचे फोटो काढून बघा. पाती कुठल्या शटरवर सुटी दिसतात, किती आयएसओपर्यंत दाणे चालतात, हे तुमच्या फोनपुरतं दहा मिनिटांत कळतं. मग पुढच्या कार्यक्रमात आधी जुन्या माणसांचे फोटो काढा, तेही वाजवत असताना. आणि ते फक्त स्टेटसला ठेवून सोडू नका. एखाद-दोन प्रिंट काढून त्यांच्या घरी नेऊन द्या.