मुहूर्त की आठवडे?

‘सदतीस भरले ना, मग काय हरकत आहे?’ एका हातात पंचांग, दुसऱ्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट. सिझेरियनची तारीख ठरवताना हा संवाद आपल्याकडे नवा नाही.

हरकत आहे ती फुफ्फुसांची. पोटात असताना ती द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरातली संप्रेरकं हा द्रव शोषून घ्यायला लावतात. कळांआधीच्या सिझेरियनमध्ये ही तयारी अर्धवट राहते. मग बाळ धापा टाकतं, कण्हतं. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत निवळतं, पण ते दिवस बाळ काचेच्या पेटीत आणि आई वॉर्डात.

अमेरिकेतल्या १९ केंद्रांमधल्या १३,२५८ नियोजित सिझेरियनचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्या स्त्रियांचं आधी सिझेरियन झालेलं होतं. श्वासाचा त्रास, रक्तातली साखर उतरणं, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभाग अशा तक्रारी ३७व्या आठवड्यात जन्मलेल्या १५.३ टक्के बाळांना झाल्या. ३८व्यात ११, तर ३९व्यात ८ टक्के.

त्यातून तारीखच चुकलेली असली तर? पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा अंदाज साधारण आठवड्याच्या आत असतो. शेवटच्या तिमाहीतला दोन-तीन आठवड्यांनीही हुकतो.

आईचा रक्तदाब चढला, वार खाली असली किंवा बाळाची वाढ खुंटली, तर मात्र थांबणंच धोक्याचं. तिथे डॉक्टर ३९ची वाट पाहत नाहीत.