निर्वासित कुटुंब दारात आले, तर चर्चने काय करावे?

पिंपरी-चिंचवडला निर्वासित नवे नाहीत. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी, तोच आजचा पिंपरी कॅम्प. आता युद्ध किंवा छळामुळे देश सोडलेले एखादे कुटुंब चिंचवड किंवा चाकणच्या चर्चमध्ये मदत मागायला आले, तर?

वळिवडे काय सांगते?
१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत महिला आणि मुलेच जास्त होती. छावणीत चर्च होते, पण त्याबरोबर शाळा आणि दवाखानाही होता. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर. प्रार्थनेने धीर मिळतो, पण संसार उभा करायला शाळा, औषधोपचार आणि कागदपत्रेही लागतात.

नियम काय आहेत?
भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे त्यांना परदेशी नागरिकांचेच नियम लागू होतात. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांचे काम सरकार पाहते. अफगाणिस्तान, म्यानमारसारख्या देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे दिल्लीतील कार्यालय करते.

चर्च काय करू शकते?
• आधी नोंद : परदेशी व्यक्तीला मुक्कामाला ठेवल्यास २४ तासांत ऑनलाइन नोंद करा. चर्चचा हॉल असो वा सभासदाचे घर, हे टाळू नका. नोंद राहिली तर यजमानाबरोबर ते कुटुंबही अडचणीत येते.
• शाळा : ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. शाळेत पालकांसोबत जा.
• काम : ठेकेदारामार्फत कंपनीत लावण्याआधी कामाची परवानगी आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या.
• सोबत : दवाखान्यात, बँकेत, घरमालकाकडे भाषा येणारा माणूस बरोबर द्या.
• पैसा : परदेशातून देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए नोंदणी हवी.
• फोटो नको : मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांना त्यामुळे धोका होऊ शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अट नको. ते कुटुंब कोणत्याही धर्माचे असू शकते. त्याला आधी हवी असते ती निर्धास्त झोप आणि मुलांसाठी शाळा.