बाकीची मुलं काय करत होती?

मुलाला शाळेत छळतात अशी तक्रार घेऊन हैदराबादमधले आईबाप गेले, की छळणाऱ्यांकडून उत्तर ठरलेलं असतं: 'मजाक कर रहे थे, मॅडम.' मग मॅडम दोघांना हात मिळवायला लावतात आणि प्रकरण मिटलं असं धरून चालतात. मिटत काहीच नाही. छळलं गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी त्याच स्कूलबसमध्ये, त्याच मुलांसमोर बसतं.

या शहरात छळाला निमित्तं कमी नाहीत. २०१८च्या कायद्यानं तेलंगणात पहिली ते दहावी टप्प्याटप्प्यानं तेलुगू सक्तीची झाली. राज्याची भाषा मुलांना यावी, हे रास्तच. पण सहावीत पुण्याहून गच्चीबावलीला आलेलं मूल तेलुगू धडा मोठ्यानं वाचताना अडखळलं, की मागून हशा येतो. तेलुगू माध्यमातून बड्या इंग्रजी शाळेत आलेल्या मुलाच्या वाट्याला हेच येतं, फक्त भाषा उलटी. घरी आल्यावरही सुटका नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आपल्याला काढलंय, हे त्याला रात्री कळतं.

कायदा मात्र इथे जुना आणि कडक आहे. अखंड आंध्र प्रदेशाचा १९९७चा रॅगिंगविरोधी कायदा तेलंगणातही लागू आहे. रॅगिंग म्हटलं की आपल्याला मेडिकल कॉलेजचं हॉस्टेल आठवतं, पण या कायद्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था बसते, तिचं वसतिगृह आणि शिकवणीवर्गसुद्धा. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना वर्षभर कोंडून अभ्यास करून घेणाऱ्या निवासी कॉलेजांच्या शहरात हे फार महत्त्वाचं आहे. चिडवणं, अपमान करणं यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं हालचाल केली नाही, तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. हे शेवटचं कलम प्रत्येक शाळेच्या फलकावर लावायला हवं, असं मला वाटतं.

तरीही बारा वर्षांच्या मुलांचा प्रश्न पोलिसांकडे नेऊन सुटेल, असं मी म्हणणार नाही. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६मध्ये सहावीतल्या ५७३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छळणारा आणि छळलेला एवढ्या दोघांत हा प्रकार घडत नाही, असं त्यांना दिसलं. कुणी छळणाऱ्याला साथ देतो, कुणी हसून चेव आणतो, कुणी मान फिरवतो, थोडेच छळलेल्याची बाजू घेतात. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या अभ्यासात दर दहातल्या जवळपास नऊ प्रसंगी इतर मुलं हजर होती. मध्ये पडणारी फार थोडी. पण ती पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला.

हसणारी मुलं दुष्ट असतात का? बहुतेक नसतात. नाही हसलो तर उद्या आपला नंबर, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. गटाचा दबाव म्हणतात तो हाच, आणि मोठ्यांनी बोलायचं ते या मुलांशी, शक्यतो एकेकट्याशी. भर वर्गात 'तू का नाही थांबवलंस?' असं विचारलं तर मूल आणखी मिटतं. गुंडाला भिडायची अपेक्षाही चुकीची. डब्याच्या वेळी त्या मुलाशेजारी बसणं, संध्याकाळी त्याला एक मेसेज करणं, मोठ्या माणसाला जाऊन सांगणं एवढं पुरतं. सांगणाऱ्याला चुगलखोर ठरवू न देण्याची जबाबदारी शिक्षकांची.

सीबीएसईनं २०१५मध्ये शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं. तिच्यात शिक्षक, समुपदेशक, पालक यांच्याबरोबर विद्यार्थीही असावेत, अशी अपेक्षा आहे. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका हातात घेण्याआधी या समितीत कोण कोण आहे ते विचारा. मग घरी येऊन मुलालाही तेच विचारा. त्याला एकही नाव सांगता आलं नाही, तर मुख्याध्यापकांना तसं लेखी कळवा. शाळा ऐकतच नसेल, तर मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे, आणि तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं.