फिरून फिरून भोपळे चौकात

लेखमाला ‘साइटच्या पडद्यामागे’ : भाग सहावा

सभासदांसाठी साइट चालवणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी हा संवाद झडतोच. “लॉगिन होत नाहीये.” “पासवर्ड बरोबर टाकलात का?” “अहो, बरोबरच आहे.” “मग फरगॉट पासवर्ड करून बघा.” सभासद बिचारा नवा पासवर्ड घेतो, टाकतो, बटण दाबतो आणि पुन्हा लॉगिनच्याच पानावर येऊन उभा राहतो. लाल अक्षरांतली सूचना नाही, कारण नाही, काही नाही.

पासवर्ड चुकला असता तर साइटनं तसं तोंडावर सांगितलं असतं. ती गप्प आहे, म्हणजे भांडण पासवर्डचं नसून पत्त्याचं असण्याचीच शक्यता जास्त. आपण नेमके कुठे आहोत यावर ब्राउझर, सर्व्हर आणि मधले दलाल यांचं एकमत होत नाही आणि त्यात सभासद फिरत राहतो.

मागच्या भागात पासवर्ड सर्व्हरवर कसा साठवतात ते पाहिलं. आता त्याच्या पुढचा टप्पा. लॉगिनचं बटण दाबल्यापासून ‘माझं खातं’ उघडेपर्यंत सर्व्हर बऱ्याचदा पान देतच नाही. “या दुसऱ्या पत्त्यावर जा” एवढंच सांगतो. यालाच रीडायरेक्ट म्हणतात. उत्तरावर ३०१ किंवा ३०२ असा आकडा असतो आणि ‘लोकेशन’ नावाच्या ओळीत नवा पत्ता. ब्राउझर निमूटपणे तिथे जातो. तिथून परत पाठवलं तर परत येतो. अशा वीस उड्या झाल्या की क्रोम हात टेकतो आणि ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ असा फलक लावतो. फायरफॉक्सचीही मर्यादा मुळात वीसच. क्रोमच्या फलकावर ‘कुकीज डिलीट करून पाहा’ असा सल्लाही असतो. तो कधी लागू पडतो, पण बहुतेकदा दोष साइटचा असतो आणि कामाला सभासद लागतो.

खरं काय चाललंय ते पाहायला फार ज्ञान लागत नाही. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ-१२ दाबायचं, ‘नेटवर्क’ हा भाग उघडायचा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिचकी मारायची, म्हणजे पान बदललं तरी आधीच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. मग लॉगिन करायचं. प्रत्येक उडीची एक ओळ दिसते. ओळीवर क्लिक केलं की तीन गोष्टी तपासायच्या: सर्व्हरनं कुठे जायला सांगितलं, जाताना ‘सेट-कुकी’मध्ये कोणती कुकी (ओळखीची चिठ्ठी) हातात दिली, आणि पुढच्या उडीत ब्राउझरनं ती कुकी परत दाखवली का. बहुतेक रोगांचं निदान या तीन ओळींत होतं.

यातला सगळ्यात विनोदी नमुना असा: ब्राउझर एचटीटीपीएसच्या पत्त्यावर जातो आणि सर्व्हर ३०१ लावून सांगतो, “एचटीटीपीएसच्या पत्त्यावर जा.” पत्ता अक्षरशः तोच. ब्राउझर पुन्हा जातो, पुन्हा तेच उत्तर. सर्व्हर वेडा झालेला नसतो. त्याला खरोखरच वाटत असतं की पाहुणा साध्या, असुरक्षित एचटीटीपीनं आलाय. कारण मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी सेवा बसलेली असते. क्लाउडफ्लेअरनं सप्टेंबर २०१४ मध्ये फुकट ग्राहकांनाही एचटीटीपीएस दिलं, तेव्हापासून असंख्य छोट्या साइट्स त्यांच्या आडोशाला गेल्या. त्यांच्या ‘फ्लेक्सिबल’ नावाच्या पर्यायात ब्राउझर ते क्लाउडफ्लेअर हा रस्ता कुलूपबंद असतो, पण क्लाउडफ्लेअर ते मूळ सर्व्हर हा उघडा. मूळ सर्व्हरला दिसतं ते फक्त उघड्या रस्त्यानं आलेलं मागणं. त्यावर कुणी ‘सगळ्यांना एचटीटीपीएसवर पाठव’ असा नियम लावला की झालं, गिरकी सुरू.

मधल्या सेवेला या अडचणीची कल्पना असते. म्हणून ती पुढे निरोप पाठवताना ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ नावाच्या ओळीत लिहून देते की मूळ पाहुणा एचटीटीपीएसनंच आला होता. प्रश्न एवढाच, की सर्व्हर ती ओळ वाचतो का. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट्स ज्या वर्डप्रेसवर चालतात, ते वर्डप्रेस आपणहून वाचत नाही. जोडणी सुरक्षित आहे का हे तपासणारं त्याचं फंक्शन सर्व्हरचा ‘एचटीटीपीएस’ हा मुद्दा चालू आहे का आणि पोर्ट ४४३ आहे का, एवढंच पाहतं. त्यामुळे ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये दोन-तीन ओळी घालून त्याला ती चिठ्ठी वाचायला शिकवावं लागतं. हा उपाय चालतो, पण तो अर्धाच. फ्लेक्सिबलमध्ये क्लाउडफ्लेअरपासून सर्व्हरपर्यंत सभासदाचा पासवर्ड उघड्यावरच प्रवास करतो आणि सभासदाला मात्र पत्त्याच्या पट्टीत सगळं सुरक्षित दिसतं. मूळ सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवून ‘फुल (स्ट्रिक्ट)’ हा पर्याय निवडणं हाच खरा इलाज. २०१५च्या डिसेंबरपासून लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेटं फुकट देतंय, तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही.

दुसरा मोठा घोटाळा कुकीचा. नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी १९९४ साली ही युक्ती काढली. आजही लॉगिन झाल्यावर सभासदाची ओळख पटते ती तिच्यावरच, पासवर्डवर नव्हे. आणि कुकी पत्त्याच्या बाबतीत भलतीच काटेकोर असते. ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ लावलेल्या पत्त्यावर मिळालेली कुकी, वेगळी सूचना नसेल तर, त्याशिवायच्या पत्त्यावर दाखवली जात नाही. लॉगिनचं पान एका पत्त्यावर आणि सभासदांची पानं दुसऱ्यावर असली की सर्व्हर विचारतो, “आपण कोण?” आणि पुन्हा दाराकडे बोट दाखवतो. वर्डप्रेसमध्ये तर कुकीच्या नावातच साइटच्या पत्त्यापासून काढलेला एमडी-५ हॅश असतो. सेटिंग्जमध्ये साइटचा पत्ता एका अक्षरानं बदलला तरी कुकीचं नाव बदलतं आणि त्या क्षणी सगळे सभासद एकगठ्ठा बाहेर. पट्टीतल्या पत्त्याच्या शेपटाला ‘रीऑथ=१’ दिसलं, तर वर्डप्रेसला हवी ती कुकी मिळालेली नाही असं समजावं. गंमत म्हणजे तेच शेपूट असलेल्या कुकीही पुसून टाकतं.

काही साइट्सवर अजून एक जुनी खोड दिसते: लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर, बाकी सगळं साध्या एचटीटीपीवर. एके काळी मोठमोठ्या कंपन्याही असंच करत. ऑक्टोबर २०१० मध्ये सॅन दिएगोच्या टूरकॉन परिषदेत एरिक बटलर यांनी फायरशीप हे फायरफॉक्सचं छोटं एक्स्टेन्शन दाखवलं आणि त्या पद्धतीची अब्रू गेली. कॉफी शॉपच्या उघड्या वायफायवर शेजारच्याची कुकी हवेतून उचलायची आणि डबल क्लिक करून त्याच्या फेसबुकात शिरायचं, इतकं ते सोपं होतं. पासवर्ड चोरायची गरजच नव्हती. फेसबुकनं जानेवारी २०११ मध्ये पूर्ण एचटीटीपीएसचा पर्याय दिला आणि २०१३ मध्ये तो सर्वांना मुळातूनच लागू केला. वर्डप्रेसची ‘फक्त लॉगिनला एसएसएल’ ही सोय २०१४ मध्ये चौथ्या आवृत्तीत बाद झाली. आज लॉगिनची कुकी ‘सिक्युअर’ शिक्क्यानं दिली जाते आणि असा शिक्का असलेली कुकी ब्राउझर उघड्या रस्त्यावर बाहेर काढतच नाही. म्हणजे लॉगिननंतरचा एखादा रीडायरेक्ट चुकून एचटीटीपीवर गेला, की ओळखपत्र खिशातच राहतं आणि सभासद दारात.

पान कोरं होऊन परत येतं तेव्हा बहुधा आकड्याची गडबड असते. फॉर्म जुन्या एचटीटीपी पत्त्यावर पाठवला जातो, सर्व्हर ३०१ लावून एचटीटीपीएसवर वळवतो, आणि वळताना ब्राउझर ‘पोस्ट’चं (माहिती सोबत पाठवणं) ‘गेट’ (नुसतं पान मागणं) करतो. नाव-पासवर्ड वाटेत गळून पडतात. ही ब्राउझरांची फार जुनी सवय. ती मोडत नाही म्हटल्यावर १९९९ च्या एचटीटीपी मानकात ३०७ हा आकडा आला, ज्यात पद्धत बदलायला मनाई आहे. पण इथे ३०७ लावून मोकळं होणं चुकीचं, कारण पासवर्ड तोवर एकदा उघड्या रस्त्यानं गेलेला असतो. फॉर्ममधला पत्ताच दुरुस्त करायला हवा.

आता वर्गणी भरण्याच्या वेळचा तिढा. तो भारतीय वाचकांना जास्त जवळचा, कारण रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ ऑगस्ट २००९ पासून इथे कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी सक्तीची आहे. सभासद साइटवरून गेटवेवर (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवर), तिथून बँकेच्या ओटीपीच्या पानावर आणि मग उलट्या वाटेनं परत, अशी यात्रा करतो. परत येताना पुष्कळ गेटवे पोस्ट पद्धत वापरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीनं नियम बदलला: कुकीवर ‘सेमसाइट’ची सूचना लिहिलेली नसेल तर ती ‘लॅक्स’ समजायची, म्हणजे परक्या साइटवरून पोस्टनं आलेल्या मागण्याबरोबर ती पाठवायची नाही. परिणाम असा, की पैसे कापले गेले, बँकेचा एसएमएस आला, आणि साइट विचारते, “कृपया लॉगिन करा.” करोनाच्या गडबडीत साइट्स कोलमडू नयेत म्हणून गूगलनं एप्रिलमध्ये हा बदल थांबवला आणि जुलैत पुन्हा सुरू केला.

त्यात एक पळवाट ठेवली होती, आणि तिनंच डेव्हलपरांना सगळ्यात जास्त रडवलं. सूचना न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर ती पोस्टबरोबरही जाऊ द्यायची. डेव्हलपर चाचणी कशी करतो? झटकन लॉगिन, चाचणीचं कार्ड, तयार ओटीपी, मिनिटभरात परत. सगळं सुरळीत. सभासदाचं मात्र कार्ड कपाटात असतं, चष्मा दुसऱ्या खोलीत आणि ओटीपी नेटवर्कच्या कृपेवर. दोन मिनिटं उलटली की तो बाहेर फेकला जातो. “आमच्याकडे तर चालतंय” हे उत्तर अशा वेळी शंभर टक्के प्रामाणिक असतं आणि शंभर टक्के निरुपयोगी.

यावर ‘सेमसाइट=नन’ आणि ‘सिक्युअर’ लिहून मोकळं होता येतं, पण त्यानं कुकीचं संरक्षण ढिलं पडतं. त्यापेक्षा गेटवेचा निरोप घेणाऱ्या पानानं लॉगिनवर विसंबूच नये. गेटवेच्या सहीची खातरजमा करावी, ऑर्डर क्रमांकावर पैसे जमा दाखवावेत, नवी कुकी अजिबात देऊ नये आणि ३०३ लावून सभासदाला पावतीच्या पानावर धाडावं. ती उडी गेटची असते, त्यामुळे कुकी तिच्याबरोबर निमूट जाते.

कॅशचा, म्हणजे तयार पानं साठवून वाटण्याच्या सोयीचा, किस्साही सांगायलाच हवा, कारण त्यात सभासद बाहेर राहत नाही, भलत्याच घरात शिरतो. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर हल्ला चालू होता. भार हलका करायला कॅशचे नियम बदलले गेले आणि त्यातला एक नियम लॉगिन झालेल्यांची पानंही साठवून दुसऱ्यांना वाटू लागला. सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती इतरांना दिसली असावी, असं व्हॉल्व्ह कंपनीनं नंतर जाहीर केलं. लहान साइटवर हेच सौम्य रूपात घडतं: लॉगिन न केलेल्या कुणाला तरी मिळालेला ‘दाराकडे जा’ हा रीडायरेक्ट कॅशमध्ये अडकतो आणि रीतसर आत आलेल्यांनाही तोच मिळत राहतो. सभासदांची पानं आणि लॉगिनचं पान कॅशमधून वगळणं हे कॅशचं प्लगिन बसवल्या दिवशीच करायचं काम आहे.

लॉगिननंतर कुठे जायचं हे पत्त्यातच ‘रीडायरेक्ट_टू’ म्हणून लिहिलेलं असतं. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो, अगदी हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटचा पत्तासुद्धा. वर्डप्रेसचं ‘सेफ रीडायरेक्ट’ फंक्शन परवानगी असलेल्या डोमेनबाहेर पाठवत नाही. हातानं लिहिलेल्या लॉगिन फॉर्ममध्ये ही तपासणी हमखास विसरलेली आढळते.

दुरुस्ती झाल्यावरही दुरुस्त करणाऱ्यालाच जुनी गिरकी दिसत राहते, ती ३०१ मुळे. हा आकडा ‘कायमचा बदल’ सांगतो आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतही नाही. म्हणून तपासणी इनकॉग्निटो खिडकीत करावी आणि नियम पक्का होईपर्यंत ३०२ वापरावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मानक झालेलं एचएसटीएस याहून चिवट. “यापुढे माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसनंच ये” असं साइट ब्राउझरला ठरावीक मुदतीसाठी बजावते. सुरुवातीला ही मुदत पाच-दहा मिनिटांचीच ठेवणं शहाणपणाचं. पुष्कळ जण मात्र उत्साहाच्या भरात वर्षभराची मुदत टाकून क्रोमच्या ‘प्रीलोड’ यादीत डोमेनचं नाव नोंदवून येतात. मग एखाद्या उपडोमेनवर सर्टिफिकेट नाही हे ध्यानात आलं, तर नाव काढून घेण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर झाला तरी बदल लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोचायला काही महिने जातात.

(पुढच्या भागात : सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर का आणली जातेय)