बांधावरची काडी आणि पंचवीस अक्षरं

तासगाव तालुक्यातल्या बोरगावात, वसंतराव आर्वे यांच्या बागेत थॉमसन सीडलेसचा एक वेगळा वेल निवडला गेला. त्याचं नाव पडलं तास-ए-गणेश. बिनबियाचं द्राक्ष, पेरायला काही नाहीच. मग काडी घ्यायची आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधायचं. गंमत बघा, अशी वाढलेली लाखो झाडं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती! आणि मूळ वेलाचं गेलं काय? ऑक्टोबर छाटणीत नाहीतरी बांधावर पडणारी काडी. खुद्द थॉमसनची कथाही तीच. १८७२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन यांनी न्यूयॉर्कहून 'लेडी डी कव्हर्ली'च्या काड्या मागवल्या, आणि जुन्या पश्चिम आशियाई द्राक्षाला त्यांचं आडनाव चिकटलं.

सॉफ्टवेअरही तसंच. मूळ जिथल्या तिथे, प्रत हुबेहूब. साताऱ्यात काय, सांगलीत काय, संगणक दुरुस्तीला टाकला की येणारा "ओरिजनल टाकू, की नेहमीचं?" हा प्रश्न म्हणूनच कुणाला टोचत नाही.

कायदा मात्र या दोन प्रतींना एका मापाने मोजत नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला नोंदणीकृत वाणाचं बियाणं जपायची, वाटायची, विकायचीही मुभा देतं, फक्त ब्रँडचं लेबल लावून नाही. बियाण्याच्या व्याख्येत काडीही बसते. उलट कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून नुसतं वापरलं तरी ७ दिवस ते ३ वर्षं कैद सांगतं. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय दंडावर सोडू शकतं. मला हा फरक रास्त वाटतो. शेतकरी वाण घडवतोही. आर्वेंच्या बागेत तेच झालं. विंडोज वापरणारा विंडोज घडवत नाही.

सगळ्यात अजब ती सॉफ्टवेअर चालू करणारी २५ अक्षरांची 'की'. विंडोजच्या जुन्या कीमधली अक्षरं २४च चिन्हांतून निवडलेली असत. स्वर नाहीत, शून्य नाही, एक नाही. तरी जुळण्या किती? ३ वर ३४ शून्यं, त्याहूनही थोड्या जास्त! अंदाजाने खरी की सापडणं अशक्यच. म्हणून दोन-चारशे रुपयांत मिळणारी की बरेचदा खरीच असते, पण ती एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेली किंवा दुसऱ्याच यंत्राला बांधलेली. क्रॅक टाकणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. स्वस्त की घेणारा ग्राहक मात्र पैसे मोजूनही हक्काविना राहतो, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही.

वापरलेला परवाना विकणं सगळीकडे गुन्हा नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ऑरॅकल खटल्यात त्याला वाट दिली. मात्र आधी आपली प्रत निकामी करायची, आणि घाऊक परवाना फोडून सुटा विकायचा नाही.

आता द्राक्षातही परवाने आलेत. पेटंटची परदेशी जात लावायची तर आधी करार, आणि अशा करारात काडी भावकीतही द्यायला सहसा मनाई. कलम ३९ पुढे हे कितपत टिकेल? २०१९ मध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, आणि ओरड होताच मागे घेतले.