सौंदर्यानं नेलेलं लेकरू

"पळवलं तिनं लेकरू. माया-बिया काही नाही. पळवलं."

काकूंची सून हे म्हणते आणि सोऱ्याची दांडी जोरानं फिरवते. पसरलेल्या प्लॅस्टिकवर चिकाचे पांढरे वेढे पडतात आणि कुरडई पूर्ण होते. सकाळचे सात वाजलेत, एप्रिलचा शेवट आहे. या दिवसांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांना टेकतो, दहानंतर या स्लॅबवर पाय ठेवता येणार नाही. म्हणून सगळी घाई आत्ताच. गहू तीन दिवस भिजले, रोज त्यांचं पाणी बदललं, काल वाटून-गाळून सत्त्व खाली बसवलं आणि पहाटे काकूंनी चुलीवर पातेलं चढवलं. पोरं जिन्यात वाट्या घेऊन बसली आहेत, त्यांना गरम चीक साखर घालून हवा आहे.

गाव सेलू तालुक्यातलं, वर्धा-नागपूर रस्ता सोडून आत. स्लॅबवर सहा-सात बायका, आणि मी पाहुणी.

लेकरू पळवणारी म्हणजे 'रंग माझा वेगळा'मधली सौंदर्या इनामदार, हर्षदा खानविलकरांनी उभी केलेली. मालिका स्टार प्रवाहवर २०१९च्या ऑक्टोबरात सुरू झाली, २०२३च्या सप्टेंबरात संपली. इथे मात्र तिचा खटला अजून चालू आहे, कारण सुनेनं बाळंतपणात ती मोबाइलवर पुन्हा पहिल्यापासून पाहिली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपण बाप होऊच शकत नाही, असं डॉक्टर कार्तिक धरून बसलेला असतो. बायकोला, दीपाला, दिवस जातात आणि तो ते मूल आपलं मानत नाही. दीपा घर सोडते. जुळ्या मुली होतात. सासू सौंदर्या त्यातली एक गुपचूप घरी आणते. दीपाला पत्ता नाही, कार्तिकला वाटतं आपण परकं लेकरू वाढवतो आहोत. मुली बोलायला-चालायला लागतात, शाळेत जातात, तरी सौंदर्या तोंड उघडत नाही. मूळ कथा मल्याळम मालिकेची. तेलुगूत तीच 'कार्तिक दीपम' म्हणून घराघरांत पोचली.

"नातीले घरी आणलं तिनं," काकू पातेल्यात उलथणं फिरवत म्हणतात. "लाडानं वाढोली. वाईट काय केलं?"

"मायले विचारलं काय?"

"विचारलं असतं तं दीपानं देली असती?"

"नसती देली. म्हणूनच विचाराचं असते, आई."

सासूला इतकं थेट बोलणारी सून मी या घरात पहिल्यांदा पाहते आहे. काकू चिडत नाहीत. त्यांना हा वाद हवा आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. सौंदर्याच्या बाजूनं त्या मनापासून उभ्या आहेत. त्यांच्या मते सासूपुढे दोन वाटा होत्या, नात गमावणं किंवा सुनेला फसवणं, आणि दोन्हींत पाप होतं.

काका पाण्याची कॅन घेऊन वर येतात, ठेवतात आणि जात नाहीत. "कार्तिकचीबी बाजू हाय," ते म्हणतात. "त्याच्या हातात रिपोर्ट होता. माणूस शक घेईनच."

घरातला मोठा माणूस बोलला की बायका जरा थांबतात. मग गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, हातातलं ताट खाली ठेवतात. "भाऊजी, रिपोर्ट कार्तिकचा होता. तपासणी दीपाच्या चारित्र्याची झाली."

हे त्या मालिका पाहून बोलत नाहीत. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, तर बाई आधी दवाखान्यात नेली जाते, नवरा बाहेर उभा राहतो, असं त्या सांगतात. त्याची तपासणी करा म्हटलं की त्याची आई रागावते. एकदा तर सासूनं यांनाच अंगणातून परत पाठवलं होतं. "पोराले काही झालं नाही म्हणे. पोराले काही होतच नाही."

काकूंची पुतणी नागपूरला वकिलीचं शिकते, सुटीला आली आहे. ती सांगते की लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. नवऱ्याला ते खोडायचं असेल तर त्या काळात दोघांचा संबंध येऊच शकत नव्हता, हे त्यानं दाखवायला लागतं. नुसता संशय आला म्हणून लेकराची डीएनए तपासणी करायला लावू नये, आपल्या जन्माची अशी चिरफाड होऊ न देणं हा त्या लेकराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलं. काका लक्ष देऊन ऐकतात. "म्हणजे कार्तिकले कोर्टानं हाकललं असतं," ते म्हणतात आणि खाली जातात. बाजू बदलली की नाही ते सांगत नाहीत.

मला या बोलण्यातली शिस्त दिसते. कुणी नटाबद्दल बोलत नाही, साड्यांबद्दल नाही. बोलतात ते कुणी काय लपवलं, कुणापासून, आणि त्यासाठी कुणाला काय ऐकावं लागलं, एवढंच. मालिका बघणाऱ्या बायकांना कथा खरी वाटते म्हणून त्यांची कीव करणारी माणसं मी शहरात पुष्कळ पाहिली आहेत. त्यांनी ही सकाळ ऐकायला हवी. या बायकांना ती कथा आहे हे पक्कं ठाऊक आहे. स्वतःच्या घरातल्या सासूचा, दिराचा, नवऱ्याचा न्याय चारचौघांत करता येत नाही. सौंदर्याचा करता येतो, तोही सासूच्या तोंडावर.

'आई कुठे काय करते' या मालिकेवर येतात तेव्हा आवाज चढतात. अनिरुद्धचं संजनाशी असलेलं नातं बायकोला, अरुंधतीला, कळतं ते लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी. त्याला घरात तीन पोरं, संजनाला एक मुलगा, निखिल. इतकी वर्षं लपवलं दोघांनी. सोऱ्या भरणारी जाऊबाई म्हणते, "संजनाले सारे म्हणत, लेकरू टाकून आली, कशी माय आहे. अनिरुद्धनं तीन लेकरांचं घर मोडलं, त्याले कसा बाप आहे असं म्हणणारे किती निंगाले?"

"कांचन आजी तं पोराचीच बाजू घे."

"आपणबी घेतली होती," काकू म्हणतात. "सुरुवातीले संजनालेच शिव्या देल्या आपण साऱ्याईनं. अनिरुद्ध भोळा वाटत होता."

हे कबूल करायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

'माझी तुझी रेशीमगाठ' लवकर आटोपते. नेहाला मुलगी आहे हे यशच्या आजोबांपासून लपवलं, त्यात यश स्वतः सामील होता, तरी पाहणाऱ्यांचा राग नेहावर गेला. इतकं सांगून जाऊबाई गप्प होते. वाद घालायला समोर कुणी नाही.

शेजारची आजी इतका वेळ सावलीत बसून वाळलेल्या सांडग्यांतला कचरा निवडते आहे. ती मान वर न करता बोलते. "माह्या मोठ्या जावेले लेकरू नव्हतं. माहा दुसरा पोरगा सासूनं तिच्या ओटीत घातला. सव्वा महिन्याचा होता."

"तुमाले विचारलं?"

"मले कोण विचारते व? मालकानं हो म्हणलं."

"त्याले माहीत आहे?"

"गावाले माहीत आहे. त्याले नाही. लग्नात पाया पडला तं काकू म्हणे मले." ती एक खडा बाजूला टाकते. "म्हणून म्हणतो, सौंदर्या वाईट नाही. माही सासूबी वाईट नव्हती. घर सांभाळाचं असते."

सून विचारते, "तुमी रडल्या नाही काय?"

"दूध येत होतं महिनाभर. मंग आटलं."

पुतणी सांगू लागते की १९५६च्या दत्तक कायद्यानंही मूल देण्याचा अधिकार बापालाच दिला होता, आईची फक्त संमती लागे, बरोबरीचा हक्क तिला २०१०च्या दुरुस्तीनं मिळाला. आजीच्या घरी कागद झालाच नव्हता, त्यामुळे संमतीचीही गरज कुणाला पडली नाही. सौंदर्याला माफ करणारी इथे ही एकटीच अशी आहे, जिच्यावर ते स्वतः गुदरलं आहे. तिच्यापुढे मला सुनेची बाजू घेणं जड जातं, तरी मी सुनेच्याच बाजूची आहे.

कडेला बसलेली एक बाई सकाळपासून एक शब्द बोललेली नाही. आता ती सोऱ्या थांबवते.

"लपोणं लपोणं म्हणून राहिल्या तुमी. माह्या माणसानं सोसायटीचं कर्ज सांगितलं, सावकाराचं नाही सांगितलं. तो गेल्यावर लोक दारात आले तवा समजलं मले. त्यानं बायकोले फसोलं असं कोणी म्हणलं नाही. म्हणे बिचारा एकटा सोसत होता. अन् मी पोराले बाप कसा गेला ते सहा महिने सांगितलं नाही, तं गाव म्हणते लेकराशी खोटं बोलते."

२००६ साली पंतप्रधानांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वर्धा होता. तेव्हा आकडे पुष्कळ छापून आले. सावकाराचा आकडा बायकोला मरणानंतर कळतो, हे मी या स्लॅबवर ऐकते आहे. माणूस गप्प राहिला तर सोसणारा, बाई गप्प राहिली तर लबाड. मालिकांनी हा हिशेब शिकवलेला नाही, त्या तो जसाच्या तसा उचलतात आणि रोज रात्री दाखवतात. त्याचा मला राग येतो. पण त्या दाखवतात म्हणूनच आज ही बाई बोलली, हेही मला दिसतं.

तिची समजूत कुणी घालत नाही. आशाताई तिच्या सोऱ्यात गरम चीक भरून देतात.

"आता पोराले माहीत आहे?" काकू विचारतात.

"शाळेत एकानं सांगितलं. मंग मी सांगितलं. म्हणे, आई, तू आधी काऊन नाही सांगितलं. मी म्हणलं, तू झोपला असता काय?"

"बरोबर केलं तू," सून म्हणते. "तुले लेकराले वाचवाचं होतं. सौंदर्याले घराचं नाव वाचवाचं होतं. दोन्ही एक नाही."

"असं कसं एक नाही?" काकू उलथणं ठेवून पुढे सरकतात. "तिलेबी नातीले बाप द्याचा होता."

खालून बाळाचं रडणं येतं. सून उठते, हात धुते. २०२४च्या १ मेपासून राज्यात जन्मलेल्या लेकरांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लागतं, तसं हिच्या मुलीच्या दाखल्यावर लागलं आहे, आणि तो दाखला तिनं मला काल रात्रीच दाखवला. जिन्याकडे जाता जाता ती पुतणीला विचारते, "तुह्या कायद्यात लेकरू कोणाजवळ राह्यते व?"

"पालक म्हणून बापाचं नाव पहिलं. पण पाच वर्षांपर्यंत लेकरू शक्यतो मायजवळच ठेवा म्हणते कायदा."

"आई, ऐकलं?" सून पायरीवरून म्हणते. "तेच पाच वर्षं नेले तिनं."

"अन् मंग दीपाजवळ दुसरी होती ना!" काकू वरून ओरडतात. "तिच्याजवळ एक तं होती!"

"माह्याजवळबी मोठा होता," आजी म्हणते, "म्हणून काय झालं?"

काकू वळून आजीकडे पाहतात.